आखाजीचे फाटक

शाळा सुधारली, हे कशावरून म्हणायचे? नोकरीच्या आरंभी, जळगावजवळच्या एका शाळेत फळ्यासमोर उभी असताना, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुलांना वाचता आले की झाले, असे तेव्हा वाटे. पुढे मी मुख्याध्यापिका झाले आणि त्यानंतर एका शहरातल्या सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची प्रमुख झाले. तिथे या प्रश्नाची उत्तरे डोळ्यांना दिसतील आणि कागदावर मांडता येतील अशीच लागतात, हे मी शिकले. स्वच्छतागृहात पाणी येते का? शिक्षक परिपाठाला हजर असतात का? तिसरीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक, अडखळत का होईना, वाचता येते का? शाळेला भिंत आहे का?

मी निवृत्त झाले तेव्हा बहुतेक शाळांत या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी होती. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी शाळांची जुनी आणि नवी छायाचित्रे पडद्यावर शेजारी शेजारी दाखवली. त्यात नदीकाठच्या जुन्या गिरणी वस्तीतली एक शाळा होती. डावीकडच्या छायाचित्रात तिच्या पायरीवर एक डुक्कर निवांत पहुडलेले होते; उजवीकडे पिवळी धमक भिंत, तिच्यावर मुळाक्षरे, आणि निळे लोखंडी फाटक. सभागृहात हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. मीही हसले.

त्या शाळेत आता वर्ग भरत नाहीत. मी लिहिते आहे ते त्या शाळेविषयी. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत माझी नोकरी झाली. बरोबरची काही माणसे अजून सेवेत आहेत आणि त्यांना माझ्या आठवणींचा त्रास होऊ नये.

शाळा लहान होती. चार खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर मातीचे अंगण आणि अंगणात दोन जुने कडुनिंब. ओट्याच्या तुळईला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. मुख्याध्यापिकेला वस्तीत सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्या साक्रीकडच्या. वर्गात प्रमाण मराठी, अंगणात अहिराणी, आणि मंडळाच्या बैठकीत या दोहोंपेक्षा धारदार असे मौन, अशा त्यांच्या तीन भाषा होत्या. माझा-त्यांचा परिचय भांडणातून झाला. मी रुजू झाल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी उठून विचारले, “मॅडम, आमच्या शाळेला भिंत कधी? तुमच्या आधीच्या साहेबांना विचारून विचारून माझे केस पांढरे झाले. आता तुम्हाला विचारून दात पडतील.”

भिंत हवीच होती, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. नाहीतर पुढचे वाचून कोणाला वाटायचे की भिंतीच वाईट. संध्याकाळी ओट्यावर दारू पिणारी माणसे बसत. सकाळी फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचल्याखेरीज मुलांना आत घेता येत नसे. नळाची तोटी बसवली की दोन दिवसांत नाहीशी होई. मोठ्या बाई स्वतः खराटा घेऊन काचा लोटत आणि लोटता लोटता मंडळाचा उद्धार करत. मी ठरवले, की पहिली भिंत इथेच.

जागा पाहायला मी गेले तो दिवस आखाजीचा होता. सुट्टीचा दिवस, त्यामुळे शाळा रिकामी असेल आणि शांतपणे मोजमाप होईल, असा माझा हिशेब. अंगणात पाहते तर पाय ठेवायला जागा नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगते. ज्या दिवसाला इतरत्र अक्षय्य तृतीया म्हणतात तीच आमची आखाजी. सासरी गेलेल्या मुलीने या सणाला माहेरी यायचे, हा आमच्याकडे दिवाळीपेक्षाही मोठा रिवाज. घरोघरी आमरस, पुरणपोळ्या. पुरुष पिंपळाच्या पारावर पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. बायका आणि मुली मोठ्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, झोक्यावरून एकमेकींच्या सासरची यथेच्छ टवाळी करतात. मी स्वतः यावलकडच्या केळीच्या बागांतून वाढले. आमच्या गावच्या चिंचेवर मीही असे झोके घेतले आहेत. पण शहरात, तेही शाळेच्या अंगणात, मी ते प्रथमच पाहत होते.

दोन्ही कडुनिंबांना मिळून सहा-सात झोके होते. मोठ्या बाई ओट्याच्या पायरीवर माठ घेऊन बसल्या होत्या. झोका झाला की बाई पाणी प्यायला पायरीशी येई, काखेत पोर असे, आणि मोठ्या बाई त्या पोराला उचलून घेत. “हा तुझा काय? तूही अशीच शेंबडी होतीस पहिलीत,” असे एकीला म्हणाल्या. ती लाजली आणि म्हणाली, “बाई, आता तरी नका सांगू, नणंद आहे बरोबर.” मग मोठ्या बाईंनी पोराच्या हातात लोखंडी सळईचा तुकडा दिला, त्याला उंच धरले आणि रुळावर एक टोला मारू दिला. घंटा वाजली. पोर दचकले आणि मग हसले. पाठोपाठ दुसरे पोर हात पुढे करून तयार.

मी भिंतीची जागा दाखवली, मोजमाप करवून घेतले, आमरसाचा आग्रह मोडून परतले. छान दृश्य पाहिले, एवढेच तेव्हा मनात होते. त्या दृश्याचा शाळेच्या पटाशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानी आले नाही. पट भरण्यासाठी आमची वेगळी मोहीम असे: जून उजाडण्याआधी शिक्षकांनी घरोघर फिरायचे, सहा वर्षे पूर्ण झालेली मुले शोधायची, पालकांना समजवायचे. त्या मोहिमेत मोठ्या बाईंच्या शाळेची पहिली नेहमी भरलेली असे आणि मी इतरांना त्यांचे उदाहरण देई. त्या फारशा फिरत नाहीत, अशी एका सहकाऱ्याने तक्रारही केली होती. त्यांना फिरावे लागत नव्हते. वस्तीतल्या बऱ्याच लेकी लग्नानंतरही शहरातच, जवळपास राहत; त्यांचे मूल पाळण्यातले असल्यापासून दर आखाजीला अंगणात येत होते, घंटा वाजवत होते. सहा वर्षांचे होईपर्यंत ही शाळा त्याची झालेली असे. नाव लिहिणे हा नंतरचा उपचार.

भिंत पावसाळ्याआधी उभी राहिली. मोठ्या बाईंनी फाटकाला हार घातला, मला पेढा भरवला. काचा बंद झाल्या, तोटी टिकली, अंगणात गुलमोहराची रोपे जगली. रात्रपाळीला रखवालदार आला आणि सुट्टीच्या दिवशी फाटकाला कुलूप लावून किल्ली त्याच्यापाशी राहावी, असे ठरले. त्या वेळी हे ठरवणाऱ्यांत मोठ्या बाईही होत्या. रखवालदार खोडसाळ नव्हता, आळशीही नव्हता. चाळीसगावकडचा, सरळ माणूस.

आणि तो सरळ माणूस पुढच्या आखाजीला, जसे आम्ही सगळेच जातो, तसा आपल्या गावी गेला. बहिणी माहेरी येणार होत्या. फाटकाला कुलूप घालून, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून, पहाटेच्या गाडीने तो चाळीसगावला पोहोचला. आखाजीला कोणीच जागेवर नसते, हे खानदेशात जन्मलेल्या आम्हा सर्वांना ठाऊक होते. किल्लीवालाही माणूसच आहे, एवढे मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

त्या सकाळी काय झाले ते मोठ्या बाईंनी मला नंतर सांगितले. बायका दोर घेऊन आल्या. त्यांत वस्तीतल्याच घरची, याच शाळेत शिकलेली एक मुलगी होती. तिला साक्रीकडे दिलेली, पण नवरा शहरातच कामाला, म्हणून आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणारी. तिच्या कडेवर पहिलीच लेक, जेमतेम मान धरणारी. खांद्यावर नवाकोरा दोर. तिने फाटक हलवून पाहिले.

“आमनी शाया शे ना हाई? मंग कुलूप कसाले लायं?”

मोठ्या बाई बाहेरच उभ्या होत्या, हातात माठ. त्या म्हणाल्या, “चावी आखाजीले गयी, माय.”

“चावीले बी माहेर शे का, बाई?”

सगळ्या हसल्या. मोठ्या बाईही हसल्या. एकीने भिंतीवरून चढायचे सुचवले, तर भिंतीच्या माथ्यावर आम्ही काचा बसवल्या होत्या. बायका थोडा वेळ सावलीत थांबल्या. मग कोणीतरी म्हणाले, पलीकडे नव्या शाळेच्या पटांगणात वड आहे, तिथे कोणी अडवत नाही.

ती नवी शाळा म्हणजे एका खासगी संस्थेने नुकतीच काढलेली इंग्रजी माध्यमाची. पत्र्याच्या तीन खोल्या आणि उघडे पटांगण. त्यांच्याकडे भिंतीला अजून पैसा नव्हता. झोके वडाला बांधले गेले. संस्थेचा चालक स्वतः आला आणि त्याने आत निरोप देऊन ताक मागवले. हुशार गृहस्थ, त्याचा मला राग नाही. त्याने पोरांना घंटा वाजवू दिली नाही, पण प्रत्येकाला एक फुगा दिला, फुग्यावर शाळेचे नाव होते. आणि त्याला आणखी एक सोय होती, जी आम्हाला नव्हती: तो सहा वर्षांच्या मुलाबरोबर त्याच्या तीन वर्षांच्या भावंडाचेही नाव लिहून घेऊ शकत होता.

मोठ्या बाईंचा फोन दुपारी आला. “बठ्ठ्या तिकडेच गयात, मॅडम,” त्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्याजणी वडाकडे गेल्या. माझ्याशी त्या कधी अहिराणी बोलत नसत. तेवढ्यावरून मला काही कळायला हवे होते. मी म्हणाले, “पुढच्या वर्षी आपण व्यवस्था करू.”

व्यवस्था केली. इतकी चोख केली की आठवले की अजून संकोच वाटतो. त्या वर्षी पहिलीत मुले निम्म्याने आली होती, तेव्हा मोठ्या बाईंनी माझ्यापुढे बसून सगळे उलगडून सांगितले: झोका, माठ, घंटा, नाव. मला ते पटले, आणि एखादी गोष्ट पटली की ती सर्व शाळांत झाली पाहिजे, ही माझी सवय. मी परिपत्रक काढले. आखाजीच्या दिवशी सर्व शाळांची फाटके उघडी राहतील. मुख्याध्यापकांनी परिसरातील माता-पालकांना आमंत्रित करावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने झाडांऐवजी लोखंडी झोके वापरावेत. छायाचित्रे मंडळाच्या समूहावर पाठवावीत. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार. मोठ्या बाईंना मी आधी मसुदा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त यात बायका कधी झुलणार?”

“आभारानंतर.”

“आभारापर्यंत आमरस आंबेल, मॅडम.” मग मसुदा परत देत, “आखाजीचं बोलावणं माहेराहून जातं. मंडळातून गेलं की बाई म्हणते, हे कसलं सर्वेक्षण? साडी नेसून, कागद घेऊन बसते.”

मी हसले आणि परिपत्रक तसेच गेले. त्यांनीही विरोध केला नाही. त्यांना फाटक उघडे हवे होते आणि या मार्गाने का होईना, ते उघडत होते.

त्या आखाजीला मी त्यांच्या शाळेत प्रमुख पाहुणी होते. फाटक सताड उघडे. अंगणात मांडव, खुर्च्या, रंग दिलेले दोन लोखंडी झोके, उन्हाने इतके तापलेले की हात लावता येईना. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. बाया फाटकावरून जात, आत डोकावत, खुर्च्या पाहून पदर सावरत आणि पुढे जात. दोघी-तिघी आत आल्या त्या अगदी मागच्या रांगेत बसल्या. एकीने विचारले, आधार कार्ड आणावे लागेल का? शेवटी समूहावर छायाचित्र पाठवायचे म्हणून दोन शिक्षिका झोक्यावर बसल्या. खाली ओला टॉवेल अंथरून. मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या. पलीकडच्या वडावरून गाण्याचे सूर येत होते, वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत.

“वाईट दिसत नाही छायाचित्र,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या वर्षी मी परिपत्रक मागे घेतले, खुर्च्या काढल्या, झोके काढले, फाटक नुसते उघडे ठेवायला सांगितले. मोठ्या बाई माठ घेऊन पायरीवर बसल्या. जवळपासच्या दोन म्हाताऱ्या येऊन बोलून गेल्या. झोका कोणी बांधला नाही. वडाखाली आता तिसरे वर्ष होते. तीन वर्षांत रिवाजाने जागा बदलली होती, आणि ज्या मुलांनी वडाखाली फुगे घेतले होते ती टाय लावून त्या शाळेत जाऊ लागली होती. भिंत पाडून, कुलूप काढून, दिलगिरी व्यक्त करून, कशानेही ती परत आली नसती. मी शिक्षिका आहे. चूक दाखवली की दुरुस्त होते, यावर माझी सारी नोकरी उभी होती. इथे चूक सापडली होती, मान्य झाली होती, सुधारली गेली होती, आणि उत्तर तरीही जुळत नव्हते.

पुढचे आमच्या क्षेत्रात सर्वांना परिचित आहे. पहिली रोडावली की पुढल्या वर्षी दुसरी रोडावते. मुले कमी म्हणून एक शिक्षक दुसरीकडे गेला. शिक्षक कमी म्हणून दोन वर्ग एकत्र बसू लागले. दोन वर्ग एकत्र बसतात म्हणून आणखी चार पालकांनी मुले काढली. मोठ्या बाई घरोघर फिरू लागल्या, उन्हातान्हात, आयुष्यात प्रथमच. “सगळे चहा देतात,” त्या मला म्हणाल्या, “पोर कोणी देत नाही.” शाळा आपल्या हातून बंद होऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांच्या हातून ती झाली नाही. त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मी झाले, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये उरलेली मुले मोठ्या रस्त्यापलीकडच्या आदर्श शाळेत सामावून घेण्यात आली. ती आदर्श शाळा मीच उभी केली आहे. तिथे संगणक आहेत, प्रयोगशाळा आहे, आणि ती खरोखर चांगली शाळा आहे.

या वर्षीच्या आखाजीला मोठ्या बाईंचा फोन आला. “येता का जरा? आपल्या शाळेत.” त्यांचा आवाज वेगळा होता, म्हणून मी कारण विचारले नाही.

रिक्षा वळली तेव्हाच गाणे ऐकू आले. फाटक उघडे होते. मुले गेली तसा रखवालदारही दुसरीकडे गेला होता, आणि कुलूप कोणीतरी कधीच काढून नेले होते. भिंतीवरची मुळाक्षरे उन्हाने फिकी पडली होती. दोन्ही कडुनिंबांना झोके होते, पहिल्या वर्षी पाहिले होते तितकेच, कदाचित जास्त. मी मोठ्या बाईंना शोधले. त्या पायरीवर होत्या, माठाशेजारी.

“इकडे कशा आल्या या?” मी विचारले.

“वडाच्या शाळेनं भिंत बांधली,” त्या म्हणाल्या. “गेल्या दिवाळीत. ऐपत आली त्यांना. आज सकाळी तिथे कुलूप.”

आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही. एक झोका खूप उंच जात होता. खालून कोणी तरी, सासूचे घर दिसते का गं तिथून, असे ओरडले आणि वरून उत्तर आले की सासू दिसते, घर दिसत नाही. अंगणभर हशा झाला. मी पाणी प्यायले. बऱ्याच वर्षांनी मला माझ्या गावची चिंच आठवली आणि क्षणभर सगळे ठीक आहे असे वाटले.

मग झोक्यावरून एक बाई उतरली. दोर घेऊन कुलपासमोर उभी राहिलेली तीच ही, मोठ्या बाईंनी हळूच सांगितले. तेव्हा कडेवर असलेली लेक आता बोट धरून चालत होती, समोरचे दोन दात पडलेली. वडाच्या शाळेत ती कधी गेली नव्हती. तिथली फी परवडत नाही, असे आईने सरळ सांगितले. अंगणवाडी संपली होती. पोरीने ओट्याकडे पाहिले. तुळईला रुळाचा तुकडा अजून टांगलेला होता, बहुधा जड म्हणून कोणी नेला नव्हता. सळई कुठे दिसत नव्हती. मोठ्या बाई उठल्या, अंगणातला एक गोटा उचलून तिच्या हाती दिला आणि तिला उंच धरले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी धरले.

घंटा वाजली. 

“बाई,” ती आई कौतुकाने म्हणाली, “शाया परत उघडनी ना? मनी पोरनं नाव कव्हय लिखशात? जूनमा का आतेच?”

मोठ्या बाई पोरीला खाली ठेवत होत्या. त्या वाकलेल्याच राहिल्या, पोरीचा फ्रॉक नीट करत. लेकीचे नाव कधी लिहिणार, याचे उत्तर देणे माझ्याकडे आले. मी आयुष्यभर नीट, क्रमाने, समजेल असे सांगत आले आहे. मी तिला सांगितले, की ही शाळा आता भरत नाही. मोठ्या रस्त्यापलीकडे, पुलाच्या पुढे, आदर्श शाळा आहे. तिथे चांगले शिक्षक आहेत, संगणक आहेत, पैसे लागत नाहीत. मी स्वतः बरोबर येऊन नाव लिहून देते.

तिने शांतपणे ऐकले. मग फाटकातून, गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या त्या रस्त्याकडे पाहिले. त्यावरून ट्रक जात होते.

“इतलं दूर?” ती म्हणाली. “मोठा रस्ता वलांडीसन?”

पोरगी पुन्हा घंटेखाली जाऊन उभी राहिली होती आणि गोटा हातात घेऊन, कोणी उचलते का, म्हणून वर पाहत होती.